याल्मरची शेवटची वाफ

“माझ्या मागचा ट्रेलर जन्मात कधी डुलला नाही,” तौनो केम्पाइनेननं टेबलावर मूठ आपटून जाहीर केलं. मग त्यानं मांस-बटाटा भरलेल्या पास्टीचा एक भला मोठा घास तोंडात कोंबला, सावकाश चावला, आणि अचानक खरं बोलायची उबळ आल्यासारखा म्हणाला, “एकदा सुटला होता म्हणा. पण डुलला नाही हं. बोटीसकट अगदी सरळ रेषेत तळ्यात गेला.”

सगळे हसले. हसायला होते कितीसे? तौनो, त्याची बायको ऐली, ऐलीची भाची मार्लीस आणि मार्लीसचा नवरा ब्रेंट. चार माणसं, चार खुर्च्या, एक टेबल. बाकी घर रिकामं झालं होतं. भिंतींवर जिथं जिथं तसबिरी होत्या तिथं तिथं फिकट चौकोन उरले होते, आणि बोललं की आवाज कोपऱ्यात जाऊन परत येत होता. घर याल्मरचं. याल्मर म्हणजे मार्लीसचा बाप, ऐलीचा थोरला भाऊ, आणि तौनोच्या सगळ्या खोड्यांचं ठरलेलं गिऱ्हाईक. सप्टेंबरात तो गावच्या इस्पितळात गेला तो परत आलाच नाही. आता नोव्हेंबर लागला होता, घर विकलं गेलं होतं, सोमवारी नवी माणसं राहायला येणार होती. नेण्यासारखी एकच वस्तू मागं राहिली होती, आणि ती अंगणात चाकांवर उभी होती.

तो होता याल्मरचा सौना. त्यानं स्वतः बांधलेला. वाफेनं न्हायची, देवदाराच्या फळ्यांची एवढीशी खोली, वर पत्र्याचं धुराडं, बाजूला पुस्तकाएवढी खिडकी, आणि हे सगळं एका ट्रेलरवर चढवलेलं. आत शिरलं की पुढच्या अंगाला, म्हणजे गाडीच्या बाजूला, चूल आणि तिच्यावर दगड. मागच्या भिंतीला दोन बाकं, एक खालचं, एक वरचं. लोक तळ्यावर जाताना बोट ओढून नेतात, याल्मर वाफ ओढून न्यायचा.

“काका, अजून सांगतो, माझ्या पिकअपला बांधू,” ब्रेंट म्हणाला. “तुमची ती गाडी म्हणजे नातवंडांना पोहायच्या शिकवणीला सोडायची गाडी. तिच्यामागं जास्तीत जास्त फुगा बांधावा.”

“कंपनीनं पाच हजार पौंड वजन ओढेल असं लिहून दिलंय, बाळा. सौना निम्म्याचाही नाही.”

“कंपनी सपाट रस्त्यावर बोलते. खाणीच्या घाटात उतरताना कंपनी तुमच्या शेजारी बसलेली नसते.”

“शेजारी ऐली असते,” तौनो म्हणाला. “तिच्यापुढं कंपनी काय आहे? आणि तुझ्या पिकअपचं मला कौतुक सांगू नकोस. चढायला शिडी लागते, उतरताना तू बाळंतिणीसारखा कण्हतोस.”

“त्या दिवशीचं आठवतं का गं आत्या,” मार्लीस ऐलीकडं वळून म्हणाली, “काकांनी बाबांना जत्रेत फिरवलं होतं ते?”

आठवायचं काय, सगळ्या गावाला पाठ होतं. याल्मर आत वरच्या बाकावर उघडाबंब घाम काढत बसला होता, तेव्हा तौनोनं बाहेरून अलगद कडी घातली, ट्रेलर गाडीला जोडला आणि सौना थेट जत्रेच्या मिरवणुकीत, शाळेच्या वाजंत्र्यांच्या मागं नेऊन लावला. याल्मर आतून लाकडी पळीनं भिंत बडवत होता. दोनदा जोरात, एकदा हळू. दोनदा जोरात, एकदा हळू. आणि तौनो गाडीच्या खिडकीतून हात हलवत लोकांचे नमस्कार घेत होता.

ऐलीही हसली. हसता हसता तिनं डोळे पुसले आणि अंगणाकडं पाहिलं. धुराड्यातून बारीक धूर निघत होता.

कारण आज सौना तापवला होता. मुद्दाम. इस्पितळात शेवटी शेवटी याल्मर दुसरं काही मागत नव्हता. मला एकदा सौना द्या, एवढंच. डॉक्टर म्हणाले, नाही. ऐली त्याच्या कानाशी वाकून म्हणाली होती, “तुझ्या सौनात शेवटची वाफ तुझी. मी स्वतः ठेवीन. कुणी तुला उठवणार नाही.” दुसऱ्या दिवशी तो गेला.

आता ऐली म्हणजे शाळेच्या स्वयंपाकघरात आयुष्य काढलेली बाई. बोलणं कमी, पण दिलेला शब्द ती उकळत्या पातेल्यासारखा जपून धरायची. त्यांच्या घरांतून जुना रिवाजही होताच. सगळ्यांचं न्हाणं झालं की शेवटची वाफ आपली नाही. ती जे दिसत नाहीत त्यांची. तशी आज दुपारी आधी बायका न्हाल्या, मग पुरुष न्हाले. मग ऐली एकटी आत गेली. तिनं चुलीत दोन ओंडके घातले, वरच्या बाकावर धुतलेला टॉवेल अंथरला, बादली भरली, अंगावर झोडायची बर्चच्या डहाळ्यांची जुडी भिजवून ठेवली, दगडांवर एक पळी पाणी सोडलं आणि दार लावून बाहेर आली.

“दगड आपसूक निवू देत,” तिनं सगळ्यांना बजावलं. “तोवर कुणी दार उघडायचं नाही. ट्रेलरला हात लावायचा नाही. निवले की मग नेऊ.”

ओंडके चांगले जाडजूड मेपलचे होते, लवकर विझणारे नव्हते.

तौनोनं खिडकीतून आभाळ बघितलं. तो निवृत्त व्हायच्या आधी रस्त्यांवरचं बर्फ ढकलायची गाडी चालवायचा, त्याला आभाळ वाचता यायचं. सरोवराच्या बाजूनं शिशासारखा ढग सरकत येत होता. रेडिओ म्हणत होता, अंधार पडताना बर्फ सुरू. घाट एकदा गोठला की मागं ट्रेलर बांधलेली गाडी त्यावरून न्यायची ती वसंतातच. आणि सोमवारी घर दुसऱ्याचं.

त्यानं कॉफी संपवली, वेलचीच्या पावाचा तुकडा खिशात घातला आणि उठला. “टायरची हवा बघून येतो.”

टायरची हवा त्यानं खरंच बघितली. मग इकडंतिकडं पाहिलं आणि सौनाचं दार उघडलं.

आतली गरम हवा तोंडावर आली. देवदाराचा वास, भिजल्या पानांचा वास, आणि त्यांच्या खाली डांबराच्या साबणाचा वास. हा साबण घरात फक्त याल्मर वापरायचा. आज दुपारी तर कुणीच नव्हता वापरला. पण तौनो घाईत होता, आणि घाईतल्या माणसाच्या नाकाला कुणी विचारत नाही. वरच्या बाकाकडं बघत त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

“काय याल्मर, बास झालं की आता,” तो हसत म्हणाला. “घरी गेल्यावर पुन्हा तापवू.”

आणि ऐलीनं भरलेली अख्खी बादली त्यानं एकदम दगडांवर ओतली.

असा फुत्कार झाला की तो दारापर्यंत मागं हटला. वाफेनं खोली पांढरी झाली. खालचे निखारे चरचरत विझले. तौनोनं बादली पुन्हा भरून आणली, चुलीचं दार उघडून आत मारली, राख ढवळून बघितली, दगडांवर तळहात टेकवला. कोमट. झालं. रिकामी बादली त्यानं चुलीशेजारी पालथी घातली आणि दार लावून घेतलं.

स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, “निवले गं दगड.”

ऐलीनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं. “इतक्यात?”

“गार वारा सुटलाय. हात लावून बघितला.”

हात लावून बघितला हे खरंच होतं. ऐलीनं डोळे मिटून क्षणभर मान खाली घातली, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटली आणि कोट चढवायला लागली. तिनं त्याच्यावर विश्वास ठेवला. एवढी वर्षं या माणसाबरोबर काढून तिनं तो ठेवायला नको होता, पण दिवसच तसा होता.

जोडणी मात्र तौनोनं चोख केली. या कामात त्याची थट्टा बंद असायची. न्हाणीघरातला वजनकाटा तो बरोबरच घेऊन आला होता. समतल फळीवर काटा ठेवला, ट्रेलरच्या दांडीचा जॅक काट्यावर टेकवला, आणि ब्रेंटला वाकून बघायला लावलं. चुलीचं आणि दगडांचं वजन पुढच्या बाजूला, त्यामुळं दांडीवर हवा तेवढा भार पडत होता. हेच तर सगळं असतं. थोडा भार पुढं, गाडीमागच्या लोखंडी गोळ्यावर पडला पाहिजे. तो मागं गेला की ट्रेलर उलाळ होतो, दांडी वर उचलू बघते, आणि मग गाडी ट्रेलरला ओढत नाही, ट्रेलर गाडीला झुलवतो. आणि घरगुती गाडी अंगानं हलकी असल्यामुळं ती चटकन झुलते.

“काय म्हणतो काटा?” तौनोनं विचारलं.

“म्हणतो की काका हट्टी आहेत,” ब्रेंट म्हणाला. “पण वजन बरोबर आहे.”

दांडी गोळ्यावर बसवली, खीळ घातली, साखळ्या खालून तिरप्या ओवल्या, दिव्यांची वायर जोडली. मार्लीसनं सौनाच्या फळ्यांवरून एकदा हात फिरवला. मग तौनो आणि ऐली दोघंच निघाले.

पहिले काही मैल गाडी अशी चालली की मागं काही बांधलंय हे विसरावं. तौनो शीळ घालत होता. दोन्ही बाजूंना पानं गळालेले बर्च, मधूनच खाणीच्या जुन्या चिमण्या. केशरी जाकिटं घातलेली दोन माणसं शिकारीचं मचाण गाडीत चढवत होती. त्यांनी हात केला, तौनोनंही केला.

“बघितलंस? फुगा म्हणे.”

“पुढं बघ,” ऐली म्हणाली.

मग रस्ता सरोवराच्या बाजूला वळला, आणि धुकं आलं. अंधार पडला नव्हता, पण उजेडही कुठं दिसत नव्हता. सगळं राखेच्या रंगाचं. पहिला बर्फाचा कण काचेवर येऊन चिकटला. आणि स्टिअरिंग तौनोच्या हातात किंचित, अगदी किंचित, डावीकडं गेलं. मग उजवीकडं.

त्यानं शीळ थांबवली.

वारा असेल, त्याला वाटलं. पण झाडांच्या शेंड्यांवर वारा नव्हता. गाडीचं बूड हळूच डावीकडं सरकायचं, परत यायचं, उजवीकडं सरकायचं. पाळण्यासारखं. आरशात त्याला सौनाची पुढची भिंत दिसत होती, कधी एका बाजूनं जास्त, कधी दुसऱ्या.

“तौनो… काय होतंय?”

“काही नाही. रस्ता खराब आहे.”

“रस्ता तर नवा केलाय.”

समोरून ओंडके लादलेला ट्रक आला. तो घोंगावत बाजूनं गेला, त्याच्या वाऱ्यानं ट्रेलर आधी बाहेर ढकलला गेला आणि मग आत ओढला गेला, आणि त्या एका झटक्यानं झोका सुटला. गाडीचं मागचं अंग फेकल्यासारखं डावीकडं गेलं. ऐलीचं डोकं काचेवर आपटलं. तौनोचा पाय ब्रेककडं गेला आणि वाटेतच थांबला, कारण अशा वेळी गाडीचा ब्रेक दाबला की संपलं, हे त्याच्या पायाला ठाऊक होतं. त्यानं स्टिअरिंग सरळ धरलं, पाय उचलून घेतला आणि अंगठ्यानं नुसत्या ट्रेलरच्या ब्रेकची कळ दाबली. मागून कुरकुर झाली. झोका लहान झाला. आणखी लहान झाला. थांबला.

आणि त्या शांततेत मागून आवाज आला.

ठक्. ठक्. …ठक.

दोनदा जोरात, एकदा हळू.

पुढं सरोवर बघायला थांबायची जागा होती, एरवी उन्हाळ्यात तिथं आइस्क्रीम खाणाऱ्यांची गर्दी असते. तौनोनं गाडी तिथं घेतली. तिच्या पुढं लगेच खाणीचा घाट सुरू होत होता, उतार थेट खालच्या पुलापर्यंत, एका बाजूला कडा आणि एका बाजूला काही नाही. अशा ट्रेलरनं तो घाट उतरणं म्हणजे ऐलीला हातानं उचलून खाली टाकणं.

“बादली गडगडली असेल,” तो म्हणाला. “बघतो.”

“तौनो.” ऐली आरशात बघत होती. “धुराड्यातून वाफ येतेय.”

त्यानं मान वळवली. येत होती. पांढरी, दाट, सावकाश. बर्फ त्या धुराड्याच्या आसपास पडतच नव्हतं.

“तू म्हणालास निवले.”

“निवले होते गं.”

“आपसूक?”

तौनो केम्पाइनेनला उत्तरं कमी कधीच पडली नव्हती. त्यानं पुलाखालच्या माशापासून गव्हर्नरपर्यंत सगळ्यांना उत्तरं दिली होती. आता त्यानं नुसता वायपर बंद केला.

“बादली ओतली,” तो म्हणाला. “बर्फ येत होतं… घाट बंद झाला असता. सौना तिथंच राहिला असता ऐली, परक्याच्या अंगणात.”

ऐली ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती नुसती म्हणाली, “मी त्याला शब्द दिला होता. कुणी उठवणार नाही म्हणून.” मग जरा वेळानं, “तो अजून आत असेल, तौनो. अर्धा न्हालेला.”

“काहीतरीच बोलू नकोस.”

“मग जा. बघून ये बादली.”

बाहेर इतकी शांतता होती की बर्फ जाकिटावर पडल्याचं ऐकू येत होतं. तौनोनं बॅटरी घेतली. सौनाच्या छोट्या खिडकीची काच आतून घामेजली होती. त्यानं दाराची कडी धरली आणि हात मागं घेतला. कडी गरम होती.

बाहीनं धरून त्यानं दार उघडलं.

आत कुणी नव्हतं. हे आधी सांगून टाकतो. दोन्ही बाकं रिकामी होती, चूल काळी होती, राख त्यानंच भिजवली होती तशी लगद्यासारखी पडली होती. त्यानं दगडांना हात लावला. थंडगार. आणि तरी खोलीत उन्हाळा होता. डांबराच्या साबणाचा वास आता नाकात बसत नव्हता, घशात बसत होता. पालथी घातलेली बादली चुलीशेजारी नव्हती. ती वरच्या बाकावर होती, मागच्या भिंतीला टेकून, सुलटी. शेजारी बर्चची जुडी, पानं ओली. आणि ऐलीनं अंथरलेला टॉवेल मधोमध भिजून खोल दबला होता, फळीला चिकटला होता, जसा भारी माणूस बसला की दबतो तसा.

तौनोनं बॅटरी त्या टॉवेलवर धरली. बघता बघता टॉवेलच्या कडेनं एक थेंब जमला, आणि खालच्या बाकावर टपकन पडला.

तो दार न लावताच पुढं आला. हातांना काम दिलं. चाकांना दगड लावले. खीळ काढली. फळी मांडली, वजनकाटा मांडला, जॅक खाली सोडून दांडी गोळ्यावरून उचलली आणि बॅटरी काट्यावर धरली.

दुपारी होतं त्याच्या निम्मंसुद्धा नव्हतं.

त्यानं काटा झटकला, पुन्हा मांडला. तेवढंच. हे गणित त्याला पाठ होतं. एवढा भार पुढून उचलला जायला मागच्या भिंतीशी किती वजन लागतं, ते त्याला बोटांवर सांगता आलं असतं. याल्मर अंगानं चांगला थोराड माणूस होता.

ऐली गाडीतून उतरून त्याच्या मागं येऊन उभी राहिली. तिनं काटा बघितला. तिला समजावून सांगायची गरज पडली नाही, तीही याच गावात वाढली होती.

“दगड निवेपर्यंत थांबू,” ती म्हणाली.

“दगड निवलेत. बर्फासारखे आहेत.”

“मग त्याचं होईपर्यंत थांबू.”

“आणि ते कधी? बर्फ बघ ऐली. अर्ध्या तासात घाट जाईल. इथं ना फोन लागतो, ना कुणी येतं. उद्या सकाळी बर्फ ढकलायला गाडी येईल, तिला आपण दोघं सापडू. गारठलेले.”

“हे मघाशी बादली ओतताना का नाही सुचलं?”

भीती फार झाली की काही माणसं रडतात, काही देवाचं नाव घेतात. तौनोला एकच गोष्ट येत होती. त्यानं टोपी मागं सारली, उघड्या दाराकडं तोंड केलं आणि जत्रेत ओरडायचा तसा ओरडला.

“याल्मर! अरे मागं काय जाऊन बसलायस लेका? गाडी उलाळ झाली तुझ्यामुळं! एकटा कुढत बसू नकोस तिथं. ये, पुढं ये आमच्यात!”

“तौनो!” ऐलीनं त्याचं तोंड दाबलं.

आवाज धुक्यात गेला आणि परत आला नाही.

मग आत फळी करकरली. वरच्या बाकाची. मग खालच्या बाकाची. ट्रेलरच्या पाट्या कुरकुरल्या, मागून मधे, मधून पुढं. तौनोची बॅटरी काट्यावरच होती. काट्याची सुई हलली. चढायला लागली. दुपारच्या आकड्यापाशी आली, त्याच्या पुढं गेली, आणखी पुढं गेली. जॅकचा पाय फळीत रुतला. कुणीतरी चुलीपाशी, दाराच्या तोंडाशी, उभं राहावं तशी.

थरथरत राहिली सुई.

मग दारातली लोखंडी पायरी एकदा दबली आणि परत वर आली. सगळा ट्रेलर हुश्श केल्यासारखा वर उचलला गेला. सुई मागं फिरली, आणि बरोबर दुपारच्या आकड्यावर येऊन थांबली. केसभरही इकडंतिकडं नाही.

दाराबाहेर ताजं बर्फ पडलं होतं. तौनोनं त्यावर बॅटरी फिरवली नाही. खूप नंतरही ब्रेंटनं त्याला विचारलं, काका, का नाही फिरवली? तर तो म्हणाला, तू फिरवून बघ.

त्यानं दांडी गोळ्यावर बसवली, खीळ घातली, साखळ्या ओवल्या, दार लावलं. धुराडं आता गप्प होतं, त्याच्या पत्र्यावर बर्फ धरायला लागलं होतं. ऐली आधीच गाडीत जाऊन बसली होती.

घाट त्यांनी खालच्या गिअरमध्ये, रांगत उतरला. आणि ट्रेलर? शहाण्या घोड्यासारखा मागून आला. एक झोका नाही, एक झटका नाही. वळणावर वळला, उतारावर थबकला, सांगितलं ते ऐकलं. खाली पूल आला, पूल गेला, सपाट रस्ता लागला, दूरवर पेट्रोल पंपाचा दिवा धुक्यात पिवळा दिसला. तौनोनं श्वास सोडला. त्याच्यात पुन्हा थोडा तौनो आला.

“जागेवर आला बघ. समजूतदार होता हं तुझा भाऊ. नुसतं पुढं ये म्हटलं तर…”

“गप्प बस,” ऐली म्हणाली. ती समोर बघत होती. हात मांडीवर एकमेकांत घट्ट.

“किती गरम होतंय गं. हीटर कमी कर.”

“हीटर मी मघाशीच बंद केला.”

तौनोनं आरशात बघितलं. मागच्या काचेतून सौना दिसत नव्हता. काच आतून पांढरी झाली होती. घाम कडेनं सुरू होऊन मागच्या दारांच्या काचांवर आला होता, आणि आता हळूहळू त्याच्या शेजारच्या काचेवर येत होता. वेलचीचा पाव खिशात होता, त्याचा वास येत नव्हता. डांबराच्या साबणाचा येत होता.

टिंग.

समोरच्या फलकावर गाडीच्या आसनांचं छोटंसं चित्र उजळलं. पुढची दोन हिरवी. मागची दोन कोरी. ड्रायव्हरच्या बरोबर मागचं लाल. कुणी बसलंय आणि पट्टा लावलेला नाही, असं असलं की ही गाडी असं करते. नातवंडं बसली की नेहमी करते.

टिंग. टिंग.

“माझी पिशवी असेल सीटवर,” तौनो म्हणाला. “जड पिशवी ठेवली की… वाजतं कधी कधी.”

“पिशवी माझ्या पायाशी आहे.”

टिंग. टिंग. टिंग.

त्याच्या पाठीच्या मागं, आसनाच्या कापडावर, कुणीतरी गुडघे टेकवले. उंच माणूस लहान गाडीत बसला की टेकतात तसे. कापडातून ऊब आली. ओली ऊब. तौनोनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. ट्रेलर मागं अगदी सरळ उभा राहिला. वाजणं थांबलं नाही, उलट घाई झाल्यासारखं भराभर व्हायला लागलं.

“ऐली… आता काय करायचं गं?”

ऐलीनं मागं बघितलं नाही. तिनं आपला पट्टा एकदा हातानं चाचपला आणि समोरच्या बर्फाकडं बघत म्हणाली,

“आमच्यात ये म्हणून बोलावलंस ना तू त्याला? मग उतर, मागचं दार उघड, आणि लाव पट्टा त्याचा.”